लाकडी क्लॅरिनेट आणि डोमाजींचे दोन दात

माझ्या दुकानाला पाटी नव्हती. गोंदियाच्या बाजारात कुणालाही "पेटीवाले मिस्तरी किधर बैठते है?" असं विचारलं की तो हात करून दाखवायचा, त्यामुळे पाटीच्या भानगडीत मी कधी पडलोच नाही. दुकान कसलं, एक लांबोडकी खोली. एका भिंतीला हार्मोनियमचे भाते, दुसरीला खिळ्यांवर लटकलेले पितळी बाजे, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत मी. पेट्या दुरुस्त करायचं काम मी नागपुरात रीतसर शिकलो. फुंकून वाजवायच्या वाद्यांचं काम मला लग्नाच्या बँडवाल्यांनी शिकवलं, म्हणजे त्यांनी वाद्यं मोडून आणली आणि मी चुकतमाकत ती जोडली.

पस्तीस वर्षं हे केलं. आता हात थरथरतात, पण कान शाबूत आहेत, आणि कानांचा मला गर्व आहे हे आधीच कबूल करून टाकतो. शेजारच्या घरात ताट पडलं तर ते कोणत्या सुरात पडलं हे मला कळतं. याचा बायकोला फार त्रास झाला. लोक विचारतात, एवढ्या वर्षांत सर्वांत अवघड काम कोणतं? त्यांना वाटतं, मी एखाद्या बैलाच्या पायाखाली सापडलेल्या बाज्याचं नाव घेईन. तसे बाजे मी सरळ केलेत, त्यात विशेष काही नाही. अवघड काम म्हणजे दुसऱ्या माणसासाठी वाद्य निवडणं. त्यात मी एकदा असा काही चुकलो की आज लिहायला बसल्यावर तेच आधी आठवलं.

ज्यांनी क्लॅरिनेट जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वरातीत पितळी बाज्यांच्या पुढे हातभर लांबीची काळी नळी तोंडात धरून जो चालतो, त्याच्या हातात क्लॅरिनेट असते. नळीला भोकं, भोकांवर चाव्या, चाव्यांच्या पोटाशी कातडी गाद्या. तोंडात धरायच्या टोकाला बोरूची पातळ पत्ती बांधलेली असते, ती थरथरली की आवाज निघतो. खालचा ओठ पत्तीखाली घ्यायचा आणि वरचे पुढचे दोन दात टोकावर टेकवायचे. हे दात लक्षात ठेवा.

शिकणाऱ्याच्या हातात त्या काळी बहुधा निकेल चढवलेली पत्र्याची क्लॅरिनेट पडायची. स्वस्त, दणकट, पडली तरी चेपते पण तुटत नाही. आवाज मात्र पत्र्याचाच. माणूस वाजवण्यात मुरला की त्याला लाकडाची ओढ लागते. ते लाकूड इथलं नव्हे, परदेशी, काळं आणि इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडेल. त्यातून निघालेला सूर माणसाच्या गळ्याच्या जवळ जातो. नवी लाकडी क्लॅरिनेट गोंदियात कोण आणणार? स्वातंत्र्यानंतर गोऱ्या पलटणी निघून गेल्या आणि त्यांच्या बँडची जुनी वाद्यं नागपूरजवळच्या कामठी छावणीच्या बाजारात आली. तिथून ती फिरत फिरत माझ्याकडे यायची.

आमचं गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. पोळा झाल्यावर एके दिवशी डोमाजी दुकानात आले. केशोरीचे धानवाले शेतकरी, चाळिशी ओलांडलेले, अंगानं काटक, डोक्याला पांढरा दुपट्टा. केशोरीहून अर्जुनीपर्यंत बैलगाडी आणि तिथून छोट्या लाइनीची गाडी, असा प्रवास करून आले होते. आल्या आल्या पिशवीतून पत्र्याची क्लॅरिनेट काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

"मिस्तरी, लाकडाची कलारनेट पाह्यजे मले. ह्या पत्र्याचा लय कंटारा आला."

"काऊन? वाजते तर बरी," मी म्हणालो. दुकानात बसून गावाकडच्या गिऱ्हाइकांची बोली मलाही लागली होती.

"वाजते, पन गुरुजी वाजवू देत नाही ना!"

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे या धानाच्या मुलखात, कापणी झाली की गावोगाव नाटकं उभी राहतात. केशोरीच्या मंडळीत पेटीवर शाळेतले गुरुजी बसायचे आणि क्लॅरिनेटवर डोमाजी. गुरुजींचं म्हणणं असं की पत्र्याच्या आवाजात गाणाऱ्याचा गळा बुडतो. म्हणून नाटकात लढाई येऊन ढाल-तलवारी निघाल्या की डोमाजींनी वाजवायचं आणि गाणं सुरू झालं की गप्प बसायचं. गेली आठ वर्षं डोमाजी प्रत्येक गाण्याच्या वेळी क्लॅरिनेट मांडीवर ठेवून गप्प बसत होते.

"एक बार गान्याच्या मागं वाजवाचं हाय मले," ते म्हणाले. मग तोंड उघडून त्यांनी वरचे पुढचे दोन दात बोटानं हलवून दाखवले. दात खुंटीसारखे हलत होते. "वैद्य म्हनते, दोन वर्सं लय झाले. दात गेले का मंग काहीच नाही. म्हून घाई करून राहिलो."

त्यांची अडचण मला तिथंच समजली होती, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

त्या वेळी दुकानात एक लाकडी क्लॅरिनेट होती, पलटणीतली. ती मी कपाटातून काढली आणि कशी पारखायची ते डोमाजींना दाखवलं, कारण गिऱ्हाइकासमोर ज्ञान दाखवायची मला भारी हौस. आधी नळी उजेडाकडे धरून आतून पाहायची, रेषा सरळ धावतात का ते. मग वरच्या भागातली भोकं नखानं चाचपायची. लाकूड तडकतं ते तिथूनच, आणि लबाड विकणारा तडा काळ्या लाखेनं भरून देतो. मग सगळी भोकं बोटांनी झाकायची, खालचं टोक तळहातानं बंद करायचं आणि वरून हवा ओढायची. नळी ओठाला चिकटून राहिली तर गाद्या नीट बसल्यात.

त्या क्लॅरिनेटमध्ये काही खोट नव्हती. डोमाजींनी ती तोंडाला लावली, एक लांब सूर काढला आणि थांबले. नळीकडे पाहिलं. पुन्हा तोच सूर काढला. त्यांचे डोळे भरून आले आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही.

"हेच द्या," ते म्हणाले.

मी त्यांच्या हातातून ती काढून घेतली आणि मागे खोदलेली दोन अक्षरं दाखवली, एच आणि पी. हाय पिच. म्हणजे असं की पलटणीचे जुने बँड सगळा सूर थोडा चढवून वाजवायचे, का ते गोऱ्यांनाच ठाऊक. चढ फार नसे, पेटीच्या काळी-पांढरीतल्या अंतराच्या अर्ध्यावर. पण ही क्लॅरिनेट आणि गुरुजींची पेटी एकत्र वाजली असती तर ऐकणाऱ्याचे दात आंबले असते. आणि अशी क्लॅरिनेट उतरवताही येत नाही. सांधा खेचून नळी लांब केली तर काही सूर उतरतात, काही हटून बसतात.

"पेटीशी जुळणार नाही, डोमाजी. थांबा. नीट सुराची आली की कळवतो."

डोमाजींनी थोडा विचार केला. "मंग पेटीलेच चढवा ना वर! दोघंबी बराबर येतीन."

मी हसलो. साधासुधा नाही, मांडीवर थाप मारून हसलो. समोरच्या पानवाल्याला ओरडून सांगितलं, "सुना क्या? पेटी को ऊपर चढाने बोल रहे है!" तोही हसला. पेटी म्हणजे घरातला थोरला माणूस, बाकीच्यांनी त्याच्याकडे बघून वागायचं, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं की थोरल्याला कुणी जरा सरकायला सांगेल ही कल्पनाच मला हास्यास्पद वाटली. डोमाजी ओशाळले. पत्र्याची क्लॅरिनेट पिशवीत घालून केशोरीला परत गेले. लाकडी मी त्याच आठवड्यात एका लग्नाच्या बँडला दिली. त्यांचे सगळे बाजे पलटणीचेच, सगळेच चढे, त्यामुळे त्यांचं छान जमलं.

त्या हिवाळ्यात दुसऱ्या एका मंडळीची पेटी माझ्याकडे आली. त्यांच्या गायकाला सूर थोडा चढा हवा होता. पेटीच्या आतली पितळी पत्ती टोकाशी किंचित घासली की सूर चढतो. हे काम मी महिन्यातून चारदा करत असे, डोळे मिटूनही केलं असतं. पाच-सहा पत्त्या घासून झाल्या आणि माझा हात थांबला. डोमाजी जे म्हणाले होते ते मी त्या क्षणी स्वतःच्या हातानं करत बसलो होतो. गुरुजींची पेटी आणली असती तर एका दिवसाचं काम होतं. एका शेतकऱ्याला जे सुचलं ते पेटीच्या मिस्तरीला सुचलं नाही, आणि वर तो मिस्तरी मांडीवर थाप मारून हसला. मला फार लाज वाटली. पण क्लॅरिनेट तर गेली होती. मग पत्र लिहून काय सांगायचं, अशी मी मनाची समजूत घातली आणि गप्प बसलो.

त्यानंतर मी योग्य क्लॅरिनेटच्या मागे हात धुऊन लागलो. कामठीच्या व्यापाऱ्याला सतवून सोडलं. दुसऱ्या वर्षी तो एक घेऊन आला. काळीभोर, चकचकीत, सूर बरोबर. मी ती मांडीवरच्या फडक्यानं खसाखसा घासली आणि नाकाशी नेली.

"मिस्त्रीजी, असली लकडी है. सूंघके क्या देखते हो?"

"रबर देख रहा हूं," मी म्हणालो. गंधकाचा वास येत होता. गंधक घालून कडक केलेल्या रबराच्या क्लॅरिनेटही येतात, वाजवायला वाईट नसतात, पण ते लाकूड नव्हे. घासल्यावर वास सुटतो आणि सोंग उघडं पडतं. व्यापारी हसत हसत ती गुंडाळून घेऊन गेला. त्याचं काय जाणार होतं? डोमाजींचं एक वर्ष आणखी गेलं.

तिसऱ्या वर्षी श्रावणात मनासारखी क्लॅरिनेट मिळाली. लाकूड खरं, रेषा सरळ, मागची अक्षरं लो पिचची. पेटी लावून एकेक सूर ताडून पाहिला. त्याच दिवशी केशोरीला कार्ड टाकलं, "आली आहे. ताबडतोब या."

डोमाजी आले ते बायकोला घेऊन. पारबताबाई त्यांच्याहून उंच, कपाळावर ठसठशीत कुंकू, बोलणं तोडून टाकल्यासारखं. डोमाजींनी दुपट्टा तोंडावरून गुंडाळला होता. मी क्लॅरिनेट पुढे केली तर त्यांनी दुपट्टा खाली करून नुसतं तोंड उघडलं. पुढे खिडकी होती.

"चैतातच पडले दोनीबी," ते म्हणाले. "पन तुमी कार्ड लिवलं, तं पाहून तरी जातो म्हटलं."

ते खाली बसले, क्लॅरिनेट मांडीवर घेतली आणि न फुंकता चाव्यांवरून बोटं फिरवू लागले. बोटं कोणतं तरी गाणं म्हणत होती. आवाज फक्त गाद्यांचा, टप टप टप. दोन वर्षं मी या माणसाला कशासाठी थांबवलं, असं माझं मलाच विचारावंसं वाटत होतं.

"फुकून तं पाहा," पारबताबाई म्हणाल्या.

त्यांनी फुंकलं. टोक हिरडीवरून घसरलं आणि अशी काही किंकाळी निघाली की पानवाला धावत आला. डोमाजींनी वाद्य खाली ठेवलं.

"दात नाही तं कशाची कलारनेट," ते म्हणाले.

"काऊन?" पारबताबाई म्हणाल्या. "लेकराले दात राहतेत का? तरी पेतेच ना दूध? ओठानं धरा ना."

त्या बाईनं आयुष्यात वाद्य हातात धरलेलं नव्हतं. मी तीन पावलं मागे गेलो आणि डोक्याला हात लावला. आमच्याकडचे सनईवाले काय करतात? दोन्ही ओठांतच तर धरतात! मी डोमाजींना म्हटलं, वरचा ओठही आत दुमडा, दोन्ही ओठांत टोक धरा, दाताचं नाव सोडा. त्यांनी तसं केलं. आधी नुसती हवा गेली. मग एक बारीक, कच्चा सूर निघाला. पाच मिनिटांत त्यांचे ओठ थरथरायला लागले आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण त्यांनी क्लॅरिनेट सोडली नाही.

मी त्यांना समजावलं की घाई करायचीच नाही. बरेच दिवस न वाजलेल्या लाकडाला फुंकरीची ओल एकदम दिली तर ते तडकतं. पहिले काही आठवडे रोज दहा मिनिटं, वाजवून झालं की आतून फडकं फिरवायचं, आणि शेकोटीजवळ न्यायचीच नाही. लाकडाला आणि ओठांना दोघांनाही तेवढंच झेपणार होतं. जाताना म्हणालो, "आणि महिन्यातून एकदा आतून तेलाचं बोट फिरवा." कोणतं तेल ते सांगायचं राहिलं. शहाण्या माणसाच्या चुका अशाच असतात.

दिवाळीच्या आधी, हवेत गारठा आला तेव्हा डोमाजी धापा टाकत दुकानात हजर.

"मिस्तरी, मुकी झाली!"

मी क्लॅरिनेट उघडली. सगळ्या गाद्या भोकांना चिकटल्या होत्या आणि आत पांढरंफटक काहीतरी थिजलेलं. वास घेतला. टोरीचं तेल! मोहाच्या बियांचं हे तेल आमच्याकडे घरोघरी, दिव्याला तेच आणि बाळाच्या अंगाला तेच. उन्हाळ्यात पातळ असतं आणि गारठा पडला की तुपासारखं गोठतं. पारबताबाईंनी क्लॅरिनेटला आतून बाहेरून, चाव्यांच्या सांदीकोपऱ्यात, चांगली चोळून तेल जिरवलं होतं.

"मीनं रागवलो तं म्हनते, लेकरू म्हून आनलं, मंग तेल लावू नको का?" डोमाजी सांगत होते आणि मी हसत होतो. या वेळी तेही हसत होते. सगळं खरवडून काढलं, गाद्या नव्या घातल्या, बदामाच्या तेलाची छोटी बाटली दिली आणि वर चिठ्ठी चिकटवली, "फक्त आतून."

दिवाळी झाल्यावर केशोरीच्या मंडईला मी गेलो. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, पाहुण्यांनी घरं भरलेली, आणि त्याच दिवशी मंडळीचं नाटक. दुपारी डोमाजींच्या ओसरीवर आम्ही जेवायला बसलो. नाटकाआधीची शेवटची तालीम जेवणानंतर मांडवात होती. नव्या धानाचा भात, वालाची भाजी. घरची माणसं एवढ्या मायेनं वाढत होती की मी हातातला घास परत पानात ठेवला. शेवटी सांगून टाकलं.

"डोमाजी, तुम्ही पहिल्यांदा आला तेव्हा पेटी वर चढवा म्हणाला होता. मी हसलो होतो."

"हव, लय हासले तुमी. मी नाटकवाल्याईलेबी सांगतो, मी कसा येड्यावानी बोललो ते."

"ते होण्यासारखं होतं. तुमची पेटी मी एका दिवसात चढवून दिली असती. मला सुचलं नाही. मागून सुचलं तर सांगायची लाज वाटली."

त्यांचा हात पानातच राहिला. "म्हंजे मी बराबर बोललो होतो?"

"बरोबर बोलला होता."

"आयकलं का वो!" ते घरात बघून ओरडले. "मी बराबर बोललो होतो! मिस्तरी सोता म्हनते!" आनंदानं त्यांचा चेहरा एखाद्या पोरासारखा झाला होता.

पारबताबाई भाताचं भांडं घेऊन बाहेर आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, "मंग दोन वर्सं कायले बसवून ठेवलं याहीले? तवा दात होते ना तोंडात."

डोमाजींचं हसू हळूहळू मावळलं. त्यांची जीभ खिडकीतून एकदा फिरून गेली.

"राग आला का, डोमाजी?"

"येऊन राहिला ना. लबाड कायले बोलू?" ते म्हणाले. पानातला भात बोटांनी एका बाजूला सारला. मग म्हणाले, "पन जेवा तुमी. भात थंडा होऊन राहिला." पारबताबाईंनी माझ्या पानात आणखी एक डाव भात टाकला, रागानं की मायेनं ते मला कळलं नाही. मी खाली मान घालून तो सगळा खाल्ला.

तालमीला मी मांडवात मागे बसलो. गुरुजींनी पेटी उघडली, गाणारा उभा राहिला आणि नवऱ्यानं टाकलेल्या राणीचं गाणं सुरू झालं. पहिल्या ओळीला डोमाजींनी सवयीनं क्लॅरिनेट मांडीवर ठेवली. गुरुजींनी वाजवता वाजवता त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवून खूण केली. डोमाजींनी दोन्ही ओठ आत दुमडले आणि गाण्याच्या मागून वाजवायला सुरुवात केली, गळ्याला धक्का न लावता, एक पाऊल मागे राहून. गाणाऱ्यानं एकदा वळून पाहिलं, मग तो जास्त हळू गाऊ लागला. मांडव बांधणाऱ्यांनी दोर तसेच हातात धरून ठेवले.

नंतर गुरुजींनी मला विचारलं, "काय मिस्तरी, सूर कसा होता? पेटीशी जुळत होता ना?"

मला सांगता येईना. आयुष्यात तेवढ्या एका वेळी मी सूर तपासायचा विसरलो होतो.